उडी, दम आणि घरचं बजेट : सातारा-सांगलीच्या हॉकीपटू मुलींसाठी खर्चाचा हिशेब

फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके, वाखरीची अक्षता ढेकळे आणि फलटण परिसरातलीच ऋतुजा पिसाळ या मुली भारताच्या निळ्या जर्सीत दिसू लागल्या, आणि साताऱ्याकडच्या घरांतून हॉकीची चौकशी वाढली. वैष्णवी तर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होती. आता आई-वडिलांचा पहिला प्रश्न स्टिकच्या किमतीचा असतो. स्टिक घेऊन होते, मुलगी मैदानावर जाऊ लागते, आणि तीन-चार महिन्यांनी सर सांगतात, "स्टॅमिना कमी पडतोय, जंपिंगही करून घ्यायला लागेल." खर्चाची खरी गाडी इथून सुटते. कुणी जिम लावतं, कुणी प्रोटीन पावडरचा डबा आणतं, कुणी ऑनलाइन लाकडी खोकी मागवतं.

उड्यांचा व्यायाम आणि दमाचा व्यायाम एकत्र करायला सामानाचा खर्च फारच थोडा लागतो. पैसे लागतात ते ताटाला, बुटांना आणि रक्ततपासणीला. बहुतेक घरांत नेमकी याच तीन ठिकाणी काटकसर होते, आणि ती मुलीच्या अंगावर येते. पुढे दिलेले भाव सातारा, कराड, सांगली, मिरज भागातल्या खरेदीसाठी अंदाजे धरावेत. दुकानागणिक थोडाफार फरक पडेलच.

आधी, हे दोन्ही कशाला?

हॉकीचा सामना १५ मिनिटांच्या चार भागांत होतो. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, त्यामुळे मैदानावर असलेली मुलगी सतत वेगातच खेळते. वरच्या पातळीवर एका सामन्यात साधारण पाच-सहा किलोमीटर पळणं होतं, पण ते मॅरेथॉनसारखं एका लयीत होत नाही. दहा-पंधरा मीटरची झेप, थांबणं, वाकून टॅकल, वळणं, परत झेप, असं ते तुकड्या-तुकड्यांनी चालतं. झेपेसाठी पायात स्फोटक ताकद लागते, ती उड्यांमधून येते. दोन झेपांच्या मध्ये श्वास सावरायला हृदय-फुप्फुसांचा दम लागतो, तो पळण्यातून येतो. एकच असलं तर पहिल्या भागात चमकणारी मुलगी चौथ्या भागात चालताना दिसते, किंवा शेवटपर्यंत पळणारी मुलगी चेंडूवर कायम एक पाऊल उशिरा पोहोचते.

दोन्ही एकत्र केलं तर एकमेकांना मारक ठरत नाही का, ही शंका रास्त आहे. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने १९८० मध्ये दाखवलं होतं, की ताकदीचा आणि सहनशक्तीचा कडक व्यायाम आठवड्यातले बहुतेक दिवस एकदम केला, तर काही आठवड्यांनी ताकद वाढायची थांबते आणि उतरू लागते. पण १९९९ मध्ये फिनलंडच्या धावपटूंवर झालेल्या अभ्यासात दुसरी बाजू दिसली. पळण्याचा काही भाग कमी करून त्या जागी उड्या आणि छोट्या स्प्रिंट घातल्यावर नऊ आठवड्यांत त्यांची पाच किलोमीटरची वेळ सुधारली. पाय जमिनीवरून चटकन उचलला जाऊ लागला, की तेवढंच अंतर कमी ताकदीत कापलं जातं. म्हणजे प्रश्न मात्रेचा आणि क्रमाचा आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

भारतीय महिला संघालाही याच वाटेने जावं लागलं. टोकियो ऑलिम्पिकच्या आधी वेन लोंबार्ड या वैज्ञानिक सल्लागारांनी संघाच्या तंदुरुस्तीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्या संघाने उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला १-० असं हरवलं आणि चौथा क्रमांक मिळवला.

शाळेने किंवा क्लबने घ्यायचं सामान

वीस मुलींचा गट धरू. चाळीस प्लास्टिकचे कोन ५०० ते ८०० रुपयांत येतात. दहा दोरउड्यांच्या दोऱ्या १,००० ते १,५००. छोटे हर्डल विकत घेऊ नका. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप कापून, एल्बो लावून सहा ते बारा इंच उंचीचे दहा हर्डल गावचा प्लंबर हजार-दीड हजारात करून देईल. पाइप घट्ट चिकटवायचे नाहीत, पाय लागला तर हर्डल सुटून पडला पाहिजे. सुताराकडून ३० सेंटिमीटर उंचीची दोन मजबूत खोकी करून घेतली, तर दोन्हीचे मिळून अडीच ते चार हजार. कडा रंध्याने गोल करायला सांगा आणि वर रबरी मॅट ठोकून घ्या, कारण खोक्याच्या कडेवर घासून फुटलेली नडगी बरी व्हायला फार दिवस घेते. तीस मीटरचा टेप ३०० ते ५००. बीप टेस्टचा, म्हणजे ठरावीक बीपच्या तालावर पळून दम मोजण्याच्या चाचणीचा, आवाज मैदानभर पोहोचवायला छोटा स्पीकर हजार ते दीड हजार. घड्याळ आणि व्हिडिओ मोबाइलमध्येच आहेत.

हे सगळं ६,३०० ते ९,८०० रुपयांत बसतं. मुलीमागे ३१५ ते ४९० रुपये, आणि नीट ठेवलं तर तीन हंगाम सहज चालतं. यापेक्षा जास्त सामान कुणी सुचवलं, तर त्याचं कारण विचारा.

जमिनीचा विचार मात्र सामानाहून महत्त्वाचा. कृष्णाकाठच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तिच्यावर उड्या मारू नयेत, घोटा मुरगळतोच. काँक्रीट आणि डांबर तर नकोच. मुरमाचं दाबलेलं मैदान, गवत किंवा कुस्तीच्या तालमीशेजारची भुसभुशीत जागा चालते. मैदान खराब असेल तर उड्यांसाठी दहा बाय दहा फुटांचा तुकडा मुरूम टाकून दाबून घ्यावा. ग्रामपंचायतीला किंवा माजी विद्यार्थ्यांना मागितलं तर एक ट्रॉली मुरूम मिळणं अवघड नाही. साताऱ्यातल्या मुलींना चढ फुकट मिळाला आहे. अजिंक्यताऱ्याच्या किंवा यवतेश्वरच्या उतारावर चढाच्या बाजूने पळणं ताकद आणि दम दोन्हींना उत्तम. उतरताना मात्र चालत यावं, उतारावर पळण्याने गुडघ्यांना मार बसतो. आणि ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे दिवाळीपासून मार्चपर्यंत, पहाटेच्या अंधारात रस्त्यावर पळायला मुलींना पाठवू नका. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे दिवे असतातच असं नाही.

मुलीच्या अंगावरचं

हॉकीची स्टिक शिकताना लाकडी असली तरी चालते, ५०० ते १,००० रुपये. कंपोझिट स्टिक दीड हजारांच्या पुढे, आणि ती टर्फवर खेळायला लागल्यावरच घ्यावी. शिनगार्ड २५० ते ५००, माउथगार्ड १०० ते ३००. हे दोन्ही पहिल्या दिवसापासून हवेतच.

बुटांवर थोडं थांबतो. पळायचे बूट आणि खेळायचे बूट वेगळे असावेत. पळायच्या बुटांना दीड ते तीन हजार, स्टडच्या किंवा टर्फच्या बुटांना बाराशे ते अडीच हजार. पळायचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर आतून बसतात. बाहेरून ते चांगले दिसत राहतात, म्हणून आई-वडिलांना कळत नाही. आठवड्याला पंधरा किलोमीटर पळणाऱ्या मुलीचे बूट आठ महिने ते वर्षभर टिकतात, पुढे नवे घ्यावे लागतात. ताईचे जुने बूट धाकटीने घालणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. कपड्यांत ती चालते, उड्या मारायच्या बुटांत नाही.

स्पोर्ट्स ब्राबद्दल मैदानावर कुणी बोलत नाही, विशेषतः प्रशिक्षक पुरुष असेल तेव्हा. चांगल्या आधाराची एक ४०० ते ९०० रुपयांना येते, आणि किमान दोन लागतात. तेरा-चौदा वर्षांच्या कितीतरी मुली उड्यांच्या दिवशी पोटात दुखतं म्हणून बाजूला बसतात, त्यामागे अवघडलेपण असतं. आईने हा खर्च स्टिकच्याही आधी धरावा. शाळेत मुलींचा संघ असेल, तर शिक्षिकेने पालकसभेत हे मोकळेपणाने सांगावं.

ताट

पावडरचा डबा साधारण अडीच ते चार हजारांना येतो आणि महिनाभर पुरतो. तेवढ्या पैशांत घरचं काय येतं ते पाहू. रोज दोन अंडी १४ रुपये, अर्धा लिटर दूध २९ रुपये, ५० ग्रॅम शेंगदाणे साडेसात रुपये, दोन केळी १० रुपये, गुळाचा खडा एक रुपया. दिवसाला साधारण ६२ रुपये, महिन्याला १,८५० च्या आसपास. दारात म्हैस असेल तर निम्म्यात भागतं. अंडी खात नसाल तर मोड आलेली मटकी किंवा भिजवलेले हरभरे वाढवा, खर्च तेवढाच.

आता प्रथिनं मोजा. खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम प्रथिन लागतं. ४५ किलोच्या मुलीला ६५ ते ७० ग्रॅम. दोन अंड्यांतून १२, अर्ध्या लिटर दुधातून १६, शेंगदाण्यांतून १२-१३, म्हणजे ४० ग्रॅम इथेच झाले. उरलेले दोन वेळच्या भाकरी, डाळ आणि उसळीतून येतात. मग डबा कशाला? शिवाय अशा डब्यांत लेबलवर न लिहिलेले पदार्थ सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि उत्तेजक चाचणीत अडकल्यास जबाबदारी खेळाडूवरच येते.

मुली कमी खातात, ही त्याहून मोठी अडचण. वजन वाढेल या भीतीने, किंवा सकाळी सहाच्या सरावाला उपाशी येऊन शाळेत दुपारीच डबा उघडायचा म्हणून. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी अनियमित होते, हाडं कमजोर होतात आणि नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून यावर स्वतंत्र इशारे दिले आहेत. पाळी सुरू झालेल्या मुलीला सलग तीन महिने पाळी आली नाही, तर उड्या थांबवून डॉक्टरांकडे जा. सरावाआधी एक केळं आणि सरावानंतर लगेच दूध-शेंगदाणे, एवढी सवय लावली तरी बरंच टळतं.

रक्त

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. म्हणजे वीस मुलींच्या संघात निम्म्या मुलींचं रक्त कमी असू शकतं. अशा मुलीला कितीही पळवा, दम वाढत नाही. तिला "आळशी" म्हणणारे प्रशिक्षक तिचं दुहेरी नुकसान करतात.

हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत पाहतात. खासगीत पूर्ण रक्तगणना २५० ते ४०० रुपये. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर उपचार हवेत. कधी हिमोग्लोबिन ठीक असतं, पण शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असतो. त्यासाठी फेरिटिन तपासावं लागतं, त्याला ५०० ते ९०० रुपये पडतात. दमात अचानक घट झालेल्या मुलीसाठी हा खर्च जरूर करावा. शाळांमधून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी पूर्ण मोफत आहे, ती टाळू नका. त्यापुढची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. जेवणावर लगेच चहा नको, ताटात लिंबू असू द्या. शक्य असेल तर जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये तपासणी करून आकडा वहीत लिहून ठेवा.

आठवडा कसा लावायचा

उड्यांचे दिवस आठवड्यातून दोनच, मधे किमान ४८ तास. सोमवार आणि गुरुवार सोयीचे. उड्या नेहमी वार्मअपनंतर लगेच, पाय ताजे असताना. पळून दमलेल्या पायांनी उड्या मारू नयेत, कारण जमिनीवर उतरताना गुडघा आत वळतो तो तेव्हाच. मोजणी पाय जमिनीला टेकण्याची करायची. १२ ते १४ वयाच्या मुलींना एका सत्रात ६० ते ८०, मोठ्या आणि तयारीच्या मुलींना १०० ते १२०. सुरुवातीचे चार आठवडे फक्त दोरउड्या, जागच्या उड्या आणि खोक्यावर चढून चालत उतरणं. खोक्यावरून खाली उडी मारून लगेच वर उसळण्याचा प्रकार सोव्हिएत प्रशिक्षक वेर्खोशान्स्की यांनी प्रौढ, मुरलेल्या खेळाडूंसाठी रुळवला. शाळकरी मुलींना तो पहिल्या वर्षी लागत नाही.

दम वाढवण्याचं काम मंगळवारी आणि शनिवारी. लांब पळण्यापेक्षा अर्ध्या मैदानावर चार विरुद्ध चार असा खेळ घ्या. चार मिनिटं जीव तोडून, तीन मिनिटं चालत आराम, असे चार डाव. स्टिक हातात राहते, कौशल्यही वाढतं आणि खर्च शून्य. उड्या आणि दमाचं काम एकाच दिवशी करावं लागलंच, तर सकाळी उड्या आणि संध्याकाळी पळणं, मधे सहा तास तरी जाऊ द्या. शुक्रवार आणि रविवार विश्रांती. बुधवारी फक्त हलका कौशल्याचा सराव. परीक्षेच्या महिन्यात उड्यांचा एक दिवस ठेवा, दुसरा सोडा. कमावलेलं फारसं जात नाही. सहा-सात महिन्यांत भराभर उंची वाढलेल्या मुलीला गुडघ्याच्या खाली हाड दुखत असेल, तर उड्या निम्म्यावर आणा आणि तिला चिडवू नका.

जिमची फी महिना ७०० ते १,५०० रुपये आहे. स्वतःच्या वजनावर वीस व्यवस्थित बैठका आणि एका पायावर दहा बैठका होत नाहीत, तोवर जिमचे पैसे वाया जातात.

गुडघा वाचवण्याचा खर्च

वळणं आणि उड्या असलेल्या खेळांत मुलींचा गुडघ्यातला एसीएल हा बंध तुटण्याचं प्रमाण मुलांच्या मानाने दुप्पट-तिप्पट असतं. तो तुटला की एमआरआयला पाच ते आठ हजार, खासगी शस्त्रक्रियेला लाख ते अडीच लाख, आणि मैदानावर परतायला किमान नऊ महिने. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसते का, हे भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

हे टाळण्याचा उपाय फुकट आहे. फिफाने तयार केलेला वीस मिनिटांचा "इलेव्हन प्लस" वार्मअप इंटरनेटवर मोफत पाहता येतो, सामान काही लागत नाही. नॉर्वेतल्या १३ ते १७ वयाच्या फुटबॉलपटू मुलींवर त्याचा अभ्यास झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. हॉकीच्या मुलींनी आठवड्यातून दोन-तीनदा तो करावाच. शिवाय महिन्यातून एकदा मोबाइलवर स्लो मोशनमध्ये समोरून व्हिडिओ घ्या. मुलगी खोक्यावरून उतरताना गुडघे एकमेकांकडे वळतात का? पाय जमिनीवर धपकन आपटतात का? तसं दिसलं तर फिजिओथेरपिस्टकडे एकदा जा, ३०० ते ६०० रुपये लागतात. सांगली-मिरजेत याची सोय चांगली आहे. साताऱ्याच्या आणि कराडच्या मुलींना गावातच तज्ज्ञ मिळतात.

टर्फ, एसटी आणि सरकारी वाटा

मातीवर शिकलेल्या मुलीला राज्य स्पर्धेआधी टर्फची सवय हवी. सांगलीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, साताऱ्याहून पुणे-पिंपरी शंभरावर. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे सांगली-कोल्हापूर साध्या गाडीने एका बाजूला ४५-५० रुपयांत होतं. मुलींच्या संघासाठी खासगी गाडी ठरवण्याआधी हे गणित मांडा. मैदानाची वेळ मात्र आधी ठरवून घ्या. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, सराव शाळेतच ठेवला तर येण्या-जाण्याचा खर्च उरत नाही.

मुलगी आठ ते चौदा वर्षांची आणि चपळ असेल, तर राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. निवड झाली तर राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण सगळं शासनाचं. फलटणच्या मुली याच वाटेने पुण्याला गेल्या. या चाचण्यांत उभ्या उडीपासून ८०० मीटर धावण्यापर्यंतचे प्रकार असतात, म्हणजे उडी आणि दम दोन्ही तिथेच मोजले जातात. पुढे खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये खर्चासाठी मिळतात.

घरी महिन्याला दोन हजार रुपयेच हाताशी असतील, तर १,८५० ताटाला लावा आणि उरलेले बुटांसाठी बाजूला टाका. सामान शाळेकडून मागा. हिमोग्लोबिन सरकारी केंद्रात तपासा. जिम आणि पावडर या वर्षी सोडून द्या. आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना विनंती, पुढच्या क्रीडा अनुदानात दहा हजार रुपये मुलींच्या या सामानासाठी वेगळे ठेवा.